माळ्यावर घरी बनवलेला रेडिओ सापडलाय? थांबा, आधी सेल घालू नका

गेल्या दिवाळीआधी साताऱ्याचं घर आवरायला गेलो होतो, माळ्यावरून पितळी घागरी, फुटका पाळणा, कॅलेंडरांचा गठ्ठा असं सगळं खाली येत होतं आणि त्यात एका गोणपाटात गुंडाळलेला प्लायवूडचा खोका निघाला. पुढच्या बाजूला जुन्या पडद्याचं कापड ताणून लावलेलं, एक काळं बटण आणि दुसऱ्या बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण. वरती चिकटवलेल्या कागदावर शाईने काढलेल्या खुणा होत्या, पु, मुं, सां. बस, एवढंच. मी तो खोका हातात घेऊन शिडीवरच उभा राहिलो, कारण लहानपणी सकाळच्या प्रादेशिक बातम्या याच खोक्यातून यायच्या आणि बातम्या सुरू झाल्या की आजी बंबात आणखी एक लाकूड सारायची, तो धुराचा वास आणि तो आवाज माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटूनच बसलेत.

बाबा खालून म्हणाले, "अरे, हा मी केलेला रेडिओ!" हे आम्ही जन्मभर ऐकत आलोय. १९७५ साली पुण्याहून सामान आणून बाबांनी रेडिओ बनवला, ही आमच्या घरातली दंतकथा. ती कितपत खरी ते पुढे कळेलच.

तर माझ्यासारखा असा एखादा खोका तुम्हाला सापडला आणि तो परत बोलता करायचा असेल, तर काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, ते लिहितोय. मी इंजिनीअर नाही, बँकेत नोकरी करतो, सोल्डरिंग या वयात शिकलो. त्यामुळे नवख्या माणसाच्या चुका कुठे होतात ते मला चांगलंच माहितीये, सगळ्या करून झाल्यात.

सगळ्यात आधी: हा सेट कुठल्या जातीचा आहे

मागचं झाकण उघडण्याआधी बघा, वायर भिंतीतल्या प्लगला जाणारी आहे की सेलवर चालणारा आहे. आत काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह असतील आणि वायर सरळ लाईटच्या प्लगला जात असेल तर नवख्याने त्याला हात लावू नये. असल्या काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला पत्रा थेट मेनला जोडलेला असतो, बोट लागलं की संपलं. शिवाय प्लग काढल्यावरही आतले मोठे कंडेन्सर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात. तो सेट जाणकाराकडे न्या, किंवा पुसून शोकेसमध्ये ठेवा.

इथून पुढचं सगळं सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर सेटबद्दल आहे. त्यात सहा किंवा नऊ व्होल्ट असतात, जीवाला धोका नाही, चुकलात तर फार तर एखादा पार्ट जळेल.

उघडा, आणि काही न करता नुसतं बघा

ही पायरी सगळे गाळतात. सेल आणले, घातले, बटण फिरवलं, आवाज नाही, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन दिसेल ते फिरवायला लागले. असं केलंत तर जो रेडिओ दोन तासांत सुरू झाला असता तो दोन महिने घेईल.

कंपनीच्या रेडिओचं सर्किट कुठेतरी छापील मिळतं. घरी बनवलेल्याचं मिळत नाही, कारण बनवणाऱ्याने जे सामान मिळालं त्यात भागवलेलं असतं, दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स नाही मिळाला तर पाच-पाचचे दोन एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून तो सेट हाच त्याचा कागद, तो वाचायला शिकायचं. मोबाईलने भरपूर फोटो काढा, वरून, बाजूने, तिरके, प्रत्येक वायरचा रंग दिसेल असे. मग एका वहीत कुठली वायर कुठून कुठे जाते ते लिहा. मी एक पूर्ण रविवार यात घालवला, बायको म्हणाली नुसता बघत काय बसलायस, पण त्या रविवारनेच पुढचं सगळं सोपं केलं.

आत साधारण काय दिसेल ते सांगतो. काळा किंवा करडा दांडा आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार, तो फेराइट रॉड, म्हणजेच अँटेना. ट्यूनिंगच्या बटणाला जोडलेला गँग, म्हणजे स्टेशन बदलणारा फिरता कंडेन्सर, त्याला पूर्वी ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असायच्या, नंतर प्लास्टिकच्या डबीतले आले. पत्र्याच्या चौकोनी छोट्या डब्या असतात तीन-चार, त्या आयएफटी (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर) आणि ऑसिलेटर कॉईल, त्यांचं काम पुढे सांगतो, त्यांच्या डोक्यावर रंगीत खाच असते, बहुतेक सेटमध्ये लाल म्हणजे ऑसिलेटर आणि पिवळा, पांढरा, काळा हे आयएफटी. मग ट्रान्झिस्टर. आमच्या सेटमध्ये सहा आहेत, पहिले तीन एएफ सिरीजचे, मग एक ड्रायव्हर आणि शेवटी जोडीने दोन एसी १२८. हे सगळे जर्मेनियमचे. आणि हे सगळं सामान हायलमच्या, म्हणजे कडक लॅमिनेटच्या पट्टीवर, आयलेट (पोकळ रिव्हेट) ठोकून बसवलेलं, छापील सर्किट बोर्डबिर्ड काही नाही.

आता मजा ऐका. आमच्या सेटमधल्या आयएफटीच्या खाचा कोणी हलवू नये म्हणून त्यावर थेंब टाकून लॉक केल्या होत्या. लोक मेण टाकतात, कोणी ऑइल पेंट टाकतं. इथे लाल नेलपॉलिश होतं. आणि सेलच्या डब्यात एक स्प्रिंग नव्हती, तिथे केसांची आकडी वाकवून बसवली होती. मी बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघायला लागले. मग हळूहळू बाहेर आलं की पुण्याहून सामान त्यांनी आणलं हे खरं, पण चार दिवसांत कंटाळून ते क्रिकेटला गेले आणि सेट पुरा केला तो आत्याने, तेव्हा ती अठरा वर्षांची होती, परीक्षा संपलेली होती आणि दुपारी घरात कोणी नसायचं.

म्हणून सांगतो, आधी बघा. आणि त्या रंगीत खाचांना स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, अजिबात नाही, त्या पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी कानाने जुळवून ठेवल्यात. आवाज येत नाहीये तो त्यांच्यामुळे नाही, त्या स्वतःहून कधी फिरत नाहीत.

साफसफाई

पाणी नको, ओलं फडकं नको. रंगाचा मऊ ब्रश घ्या, एकदम नवीन, आणि धूळ झटका. गँगच्या पाकळ्यांमध्ये ब्रश दाबू नका, फुंकर मारा किंवा हवेचा हातपंप वापरा, एक पाकळी वाकून दुसरीला टेकली की डायलचा तेवढा भाग मुका होतो. फेराइट रॉडवरची तार केसासारख्या कित्येक तारांचा पीळ असते, प्रत्येकीवर वेगळं इनॅमल असतं, त्यातल्या दोन-चार तुटल्या तरी रेडिओ चालतो पण कानात कापूस घातल्यासारखा ऐकू येतो, त्यामुळे तिकडे ब्रशसुद्धा नको. रॉडच मोडला असेल तर घाबरू नका, तुकडे घट्ट भिडवून फेव्हीक्विकने चिकटवा, काम भागतं.

सेलचा डबा हे मोठं दुखणं असतं. सेल आतच राहून गेले असतील तर ते फुटून सगळं खाल्लेलं असतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, जुने साधे झिंक-कार्बन सेल फुटले असतील तर तो चिकटा आम्लाचा असतो, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने लावा. अल्कलाईन सेल फुटले असतील तर उलट, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर. मग कापसाने पुसून पूर्ण वाळवा आणि पॉलिश पेपरने पट्ट्या चकचकीत करा. आमच्या डब्यातली केसांची आकडी मी ठेवली. गंजली होती, घासली, ठेवली.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येणार हे धरूनच चाला. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मशीनचं तेल किंवा खोबरेल घालू नका, दोन दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ बसून लगदा होतो.

स्पीकर बघून घ्या

सोपं काम आहे. स्पीकरची एक वायर सोडवा, दीड व्होल्टचा एक सेल घ्या आणि दोन टोकांना क्षणभर टेकवून काढा. 'टक' असा आवाज आला, कागद हलला, की स्पीकर जिवंत. मल्टिमीटर असेल तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो. कागदाला उंदराने किंवा काळाने भोक पाडलं असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल. एक रात्र वाळू द्या.

प्लस कुठे, मायनस कुठे (इथेच मी आपटलो)

आजकाल आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मायनस म्हणजे ग्राउंड. जुन्या जर्मेनियमच्या बऱ्याच सेटमध्ये ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे असतात आणि तिथे प्लस हा ग्राउंड असतो, म्हणजे गँगचा पत्रा, आयएफटीच्या डब्या, हे सगळं सेलच्या प्लसला जोडलेलं. मला हे माहीत नव्हतं. मी जुना वाळलेला कंडेन्सर काढला आणि नवीन लावताना मायनसचा पाय ग्राउंडला लावून टाकला, फोटो काढलेला होता तरी बघितला नाही, शहाणपणा दुसरं काय. दोन मिनिटांत कंडेन्सर गरम, हात लावला तर चटका. नशीब की फुटला नाही.

तेव्हा सेलच्या डब्याची लाल वायर कुठे जाते ते बोटाने शेवटपर्यंत बघा. जुन्या मोठ्या कंडेन्सरवरची प्लसची खूण कुठल्या बाजूला आहे ते बघा. दोन्ही गोष्टी जुळल्या की वहीत मोठ्या अक्षरात लिहा, "प्लस ग्राउंड" किंवा "मायनस ग्राउंड", आणि मगच पुढे जा.

कंडेन्सर बदलणे

सगळे बदलायचे नाहीत. सिरॅमिकचे चपटे, मायकाचे, हे शंभर वर्षं टिकतील असं वाटतं. बदलायचे ते इलेक्ट्रोलिटिक, नळकांड्यासारखे, त्यांच्या आतला ओलावा वाळून जातो आणि मग रेडिओ एकतर मुका होतो नाहीतर मोटरबोटीसारखा फटफट आवाज काढतो. अशा सेटमध्ये ते चार-पाचच असतात, साधारण दहा मायक्रोफॅरड आणि शंभर मायक्रोफॅरड. व्होल्टेज जास्तीचं चालतं, जुना दहा व्होल्टचा असेल तर नवा सोळा किंवा पंचवीसचा बिनधास्त लावा. एका वेळी एकच काढायचा, एकच लावायचा. सगळे एकदम काढून ठेवलेत आणि मांजर टेबलावर चढलं तर मग बघत बसा.

सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचंच घ्या. जर्मेनियम ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही, म्हणून त्याच्या पायाला डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, ट्रान्झिस्टर आणि डाग यांच्या मध्ये चिमटा धरा, उष्णता चिमट्यात जाते. आणि नवख्या माणसाने घरच्या रेडिओवर सराव करू नये, एखाद्या बिघडलेल्या चार्जरचा बोर्ड घ्या आणि त्यावरचे पार्ट काढा-लावा, शंभर डाग झाले की हात बसतो. चांगला डाग चमकतो आणि पायाभोवती पसरलेला असतो, वाईट डाग करड्या गोळीसारखा नुसता वर बसलेला असतो. आत्याचे डाग बघून मला लाज वाटली इतके सारखे होते, अगदी मोत्यासारखे, फक्त आउटपुटपाशी एका कंडेन्सरचा डाग वेडावाकडा होता, लाडवासारखा. मी तो तसाच ठेवला, म्हटलं चालतंय तर कशाला हात लावा.

जुने काढलेले पार्ट फेकू नका. डबीत घालून त्याच खोक्यात ठेवा, उद्या कोणी तुमच्यासारखाच उघडून बसला तर त्याला कळेल तरी की मूळचं काय होतं.

सामान कुठे मिळतं हा प्रश्न येतोच. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बाबांनी त्या वेळी सामान तपकीर गल्लीच्या आसपासच घेतलं होतं. कंडेन्सर, रेझिस्टन्स, वायर कुठेही मिळेल. जर्मेनियम ट्रान्झिस्टरसाठी मात्र एखाद्या जुन्या दुकानात, गल्ल्यावर वयस्कर काका बसलेत असं बघून विचारा, पोरांना विचारलंत तर ते आधी तुमच्याकडे आणि मग मोबाईलकडे बघतात. आणि जर्मेनियमच्या जागी सरळ सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर ठोकू नका, जर्मेनियमला सुरू व्हायला त्याच्या बेस नावाच्या पायावर ०.२-०.३ व्होल्ट पुरतात आणि सिलिकॉनला ०.६-०.७ लागतात, बाजूचे रेझिस्टन्स न बदलता तो ढिम्म बसून राहील.

पहिल्यांदा सुरू करताना

सेल थेट जोडायचे नाहीत. सहा व्होल्टचा सेट असेल तर सेल आणि सेट यांच्या मध्ये शंभर ओहमचा एक रेझिस्टन्स घाला. आत कुठे शॉर्ट असला तरी साठ मिलिॲम्पिअरच्या वर करंट जाणारच नाही, काही जळणार नाही. त्याच लाईनमध्ये मल्टिमीटर मिलिॲम्पिअरवर लावा. आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा. दहा-वीसच्या आसपास दाखवलं तर छान, रेझिस्टन्स काढून टाका आणि थेट जोडा. पन्नास-साठ दाखवत असेल तर लगेच बंद करा आणि उलटा लागलेला कंडेन्सर शोधा, माझा अनुभव वर दिलाच आहे. शून्य दाखवत असेल तर स्विच नाहीतर सेलची पट्टी, दुसरं काही नाही.

करंट ठीक आहे पण आवाज नाही

आता रेडिओ मागून पुढे तपासायचा, म्हणजे स्पीकरकडून अँटेनाकडे. आवाज मोठा करा आणि व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा, त्याच्या पात्याला तुमचं बोट टेकलेलं असू दे. गुर्र किंवा कर्र असं काही आलं तर तिथून स्पीकरपर्यंत सगळं ठीक आहे, दोष अँटेनाच्या बाजूला आहे.

मग बघायचं की ऑसिलेटर चालतोय का, आणि याची युक्ती इतकी गोड आहे की ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. असा रेडिओ जे स्टेशन पकडतो त्याच्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ जास्तीची एक लहर स्वतःच तयार करत असतो आणि दोन्हींच्या फरकावर पुढचं काम चालतं, त्या आयएफटीच्या डब्या ४५५ लाच जुळवलेल्या असतात. ती लहर थोडीशी बाहेरही सांडते. म्हणून दुसरा कुठलाही चालू मीडियम वेव्ह रेडिओ जुन्या सेटच्या शेजारी वीतभर अंतरावर ठेवा. जुन्याचा काटा पुण्यावर, म्हणजे ७९२ वर असेल तर त्याची लहर ७९२ अधिक ४५५ म्हणजे १२४७ वर सांडणार. दुसऱ्या रेडिओवर तिथे जा आणि जुन्याचं बटण सावकाश मागेपुढे करा. रिकाम्या जागेची खरखर एकदम दबली, किंवा एखादं स्टेशन लागलेलं असेल तर त्यात शिट्टी घुमायला लागली, की समजायचं जुना जिवंत आहे. सांगलीचं स्टेशन १२५१ चं, अगदी लागूनच, त्यामुळे ते लागत असेल तर शिट्टी मस्त ऐकू येते. आमच्याकडे मात्र काहीच आलं नाही. जुना सेट गप्प.

म्हणजे पहिला ट्रान्झिस्टर गेला? नाही, आणि हा रोग माहीत असणं फार गरजेचं आहे. एएफ ११४ ते एएफ ११७ या ट्रान्झिस्टरना चार पाय असतात, चौथा पाय बाहेरच्या पत्र्याच्या टोपीचा, तो ग्राउंडला लावलेला असतो. काही दशकं गेली की त्या टोपीच्या आतून कथलाच्या मिशा फुटतात, खरोखरच्या, केसापेक्षा बारीक, आणि त्या आतल्या भागाला जाऊन टेकतात. ट्रान्झिस्टर चांगला असतो पण टोपीला शॉर्ट होऊन बसतो. सेल काढून मल्टिमीटरने चौथा पाय आणि बाकीचे तीन यांच्यात बघा, एकातही काही दाखवायला नको. दाखवलं तर मिशा आल्या. उपाय म्हणजे चौथा पाय कापायचा, फक्त तोच. मी नखं कापायच्या नेलकटरने कापला, नेलपॉलिशच्या शेजारी नेलकटर, शोभून दिसलं. तेवढ्याने ऑसिलेटर सुरू झाला आणि दुसऱ्या रेडिओत शिट्टी वाजली तेव्हा बाबा, जे इतका वेळ पेपर वाचल्याचं नाटक करत होते, ते उठून आले.

आता स्टेशन लागायला हवं, पण

पण घरात एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सगळे मीडियम वेव्हवर बोंब मारत असतात. आमच्याकडे नुसती खरखर. मला वाटलं अजून काही बिघडलंय. रात्री लाईट गेली आणि अख्खी गल्ली काळोखात गेली, तसा तो रेडिओ असा स्वच्छ झाला की विचारू नका. महावितरणवर आयुष्यात पहिल्यांदा इतकं प्रेम आलं. तुमच्याकडे लाईट जात नसेल तर गच्चीवर जा, किंवा मेन स्विच दहा मिनिटं बंद करा.

सेट फिरवूनही बघा. फेराइट रॉडची आडवी बाजू स्टेशनकडे असली की आवाज भरपूर, टोक स्टेशनकडे केलं की आवाज मरतो. आजोबा रेडिओ फळीवर तिरका का ठेवायचे ते मला आत्ता कळलं. आणि ऐकायचं ते सूर्य मावळल्यावर, कारण दिवसा वातावरणातला एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि लांबची स्टेशनं यायला लागतात.

आणखी एक. गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद झालेत. तुमच्या भागातलं स्टेशन चालू आहे की नाही ते आधी एखाद्या चांगल्या रेडिओवर बघून घ्या, नाहीतर नसलेल्या स्टेशनसाठी बिचाऱ्या जुन्या सेटला दोष द्याल. एफएम यावर लागेल का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही लागणार. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, हा सेट जातो दीड मेगाहर्ट्झच्या जरा वरपर्यंत. आत ब्लूटूथचा बोर्ड बसवून देणारे लोक भेटतील, खोका तसाच राहतो म्हणतील. मला विचाराल तर मग तो खोका कशाला, ब्लूटूथ स्पीकर बाजारात ढीगभर आहेत.

डायलवरच्या खुणा जुळत नसतील तरी लगेच काही फिरवू नका. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडची मीडियम वेव्हची स्टेशनं नऊच्या पाढ्यात बसवली गेली, ७९२, १०४४, १२५१, कुठलाही आकडा नऊने भागून बघा. त्याआधी बनवलेल्या डायलवर एखादी खूण जरा सरकलेली दिसली तर तो रेडिओचा दोष नाही. काही डायल मीटरमध्ये असतात, तिथे तीन लाखांना किलोहर्ट्झने भागायचं, पुणे म्हणजे ३७८.८ मीटर. हा आकडा उच्चारला की माझ्या पिढीच्या माणसांना आकाशवाणीच्या निवेदनातलं पुढचं वाक्य आपोआप ऐकू येतं. आमच्या डायलवर रेडिओ सिलोन नाहीये. ते शॉर्टवेव्हवर यायचं आणि आत्याचा सेट फक्त मीडियम वेव्हचा, त्यामुळे दर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला हा सिलोनवरचा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम ऐकायला ती शेजारच्या वाड्यात जायची आणि स्वतः केलेला रेडिओ घरी बंद पडून राहायचा, हे तिनेच नंतर सांगितलं.

त्या रात्री लाईट गेलेली असतानाच मी तिला फोन लावला. ती आता नागपूरला असते. काही न बोलता फोन स्पीकरपाशी धरला, आत बासरी चालली होती. बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं रडतेय. बाबा खुणेने विचारत होते काय म्हणतेय, काय म्हणतेय.

मग आवाज आला, "आवाज फाटतोय रे थोडा. आउटपुटच्या कंडेन्सरचा डाग बघ, तो मी घाईत दिला होता, कुकरची शिट्टी झाली होती."

तो लाडवासारखा डाग. बॅटरीच्या उजेडात आयर्न तापायला ठेवणार तेवढ्यात लक्षात आलं की लाईटच नाहीये, मग सकाळपर्यंत थांबलो.